नागपूर ते टोरांटो किती तास? आईला काय सांगायचं

भाऊ, तू विचारलं की नागपूर ते टोरांटो किती अंतर अन् किती तास, आई सारखी विचारून राह्यली म्हणून. सरळ रेघ मारली तर साधारण १२,५०० किलोमीटर. पण थेट विमान नाही. नागपूर-दिल्ली पावणेदोन तास, दिल्ली-टोरांटो ११,६०० च्या वर, त्याचे १४-१५ तास धर, अन् एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हापासूनचा वळसा वेगळा. परत येताना वारा पाठीशी राहतो, तेवढंच बरं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घेजो, दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुकं असते, पहिलं लेट झालं की दुसरं चुकते. व्हिसा, फी वगैरे कॅनडाच्या सरकारी साइटवर आहे, ते तिथंच वाच.

एकटेपणाचं म्हणशील तर होते दोन-चार महिने, मग कामातून डोकं वर निघत नाही. त्यात काही नाही.

पण तासांचं म्हणतो तर ऐक. मी आईला 'एका दिवसात पोचतो' म्हणून सांगून आलो होतो. आमचं गाव दारव्ह्याकडं, नागपूर गाठायलाच चार-साडेचार तास, मग एअरपोर्टवर बसा, दिल्लीत बसा, दारापासून दारापर्यंत ३२ तास होतात. तेही कागद हातात असले तर! तीन वर्षांखाली ऐन कापूस वेचणीत बाबा विहिरीवर मोटरचा स्टार्टर पाहायला गेले अन् घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं. माझं पीआर कार्ड, म्हणजे कॅनडात कायम राहण्याचं कार्ड, तेव्हा रिन्यूला गेलेलं. कार्डाशिवाय इथून निघता येते, पण परत येताना विमानात बसू देत नाहीत. रोज रात्री साइट उघडायचो, रोज तेच, 'प्रक्रिया सुरू'. लहान भावाला सांगून टाकलं, कार्ड नाही, येता येत नाही.

खरं सांगू का, तसं नव्हतं. भारतात जाऊन परतीच्या प्रवासाचा कागद मागता येते, वेळ लागते पण मिळते. मला ते माहीत होतं. नोकरी नवीन होती, प्रोबेशनचा दुसरा महिना, सुटी मागायची हिंमत झाली नाही. हे घरी अजून कोणालेच सांगितलं नाही, तुला कसं काय सांगून राह्यलो काय माहीत.

दवाखान्यात भाऊ एकटा होता, वेचायला माणूस नाही, कापूस झाडावरच भिजला. बाबा आता काठी घेऊन चालतात, म्हणतात काही नाही झालं रे.

कार्ड पाचव्या आठवड्यात आलं. मी गेलो सव्वा वर्षानं. बांगलादेशी-पंजाबी दोस्तांसारखं दर साली जायचं ठरवलं होतं, ते राहूनच गेलं. टोरांटोची घड्याळ आपल्या मागं, उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा, म्हणून मी सकाळी कामावर जाताना फोन करतो, तिकडं जेवणं उरकत असतात. बाबा बोलतात, आई बोलते. भावाच्या हाती फोन गेला की तो एकच विचारते, "तुयं कार्ड आलं का?"

आईला ३२ सांगजो.