लेकीला मॉन्सूनचा अभ्यास करायचाय, पाठवावं का?

प्रश्न : औसा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन आणि तूर. मुलगी यंदा बारावी सायन्सला गेली, गणित ग्रुप. मॉन्सूनच्या अंदाजाचं काम शिकायचं म्हणते. गावात लोक हसतात, हवामान खात्याचा अंदाज कधी खरा ठरलाय, असं विचारतात. यात नोकरी मिळेल का, की सरळ इंजिनिअरिंगला घालू? – एक पालक, जि. लातूर

उत्तर :

नमस्कार. आधी गावकऱ्यांच्या प्रश्नाचं बोलू, कारण तुमचंही मन तिथंच अडलंय असं पत्रावरून वाटतं.

एप्रिलमध्ये ‘यंदा पाऊस सरासरीइतका’ असं जाहीर होतं, तेव्हा ते चार महिन्यांचं आणि अख्ख्या देशाचं असतं. जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी 87 सेंटिमीटर, आणि तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला की तो सरासरीइतका धरतात. एवढा पडूनही औशात ऐन शेंगा भरताना तीन आठवड्यांचा खंड पडू शकतो. आपल्या कानावर मात्र ‘पाऊस चांगला’ एवढंच येतं आणि माणूस चाड्यावर मूठ धरतो. पाऊस एका शहरातसुद्धा सारखा पडत नाही. 26 जुलै 2005 च्या त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर नोंदला गेला आणि कुलाब्याला फक्त 73. असा पाऊस तालुक्याच्या, मंडळाच्या (म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) पातळीवर आधी सांगता येणं, हे या शास्त्रातलं आजचं सगळ्यांत अवघड काम आहे. तुमची लेक तेच करायचं म्हणतेय. यात हसण्यासारखं काय आहे?

अंदाज चुकलेतही. 2002 साली पाऊस सरासरीइतका सांगितला होता आणि देशात 19 टक्के तूट आली. पुढच्याच वर्षी खात्यानं पद्धत बदलली. 2012 मध्ये अंदाज सुधारण्यासाठी केंद्र सरकारचं मॉन्सून मिशन सुरू झालं आणि समुद्र व वातावरण एकत्र धरणाऱ्या मॉडेलवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गणितावर, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत जोमानं काम झालं. आता दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज निघतो. शेतकऱ्यानं हंगामाच्या आकड्यापेक्षा त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावं, असं माझं ठाम मत आहे. मे 2025 पासून देशाचे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ही आली. हे सगळं उभं करणारी माणसं भौतिकशास्त्र, गणित आणि प्रोग्रॅमिंगमधली असतात.

म्हणून बारावीनंतर लगेच हवामानशास्त्राची पदवी शोधत बसू नका. चांगल्या कॉलेजात बीएस्सी करू द्या. भौतिकशास्त्र आणि गणित यांतला एक विषय मेजर (मुख्य), दुसरा मायनर (जोडविषय). कॉम्प्युटरवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला पहिल्या वर्षापासूनच लागू दे. पुढं एमएस्सीला वातावरणशास्त्र घेता येतं. पुणे विद्यापीठात, कोचीनला, विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठात त्याचे विभाग आहेत. संशोधनात जायचं तर नेट किंवा गेट ही देशपातळीवरची परीक्षा द्यावीच लागेल. इंजिनिअरिंग केलं तरी दार बंद होत नाही, गेट देऊन एमटेकला या विषयाकडे वळता येतं. पण जिला आत्ताच हे हवंय, तिला चार वर्षं वळसा घालायला लावू नये. तिसरी वाट कृषी पदवीची. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात, परभणीला कृषी हवामानशास्त्र शिकता येतं. तिला मॉडेलपेक्षा शेतकऱ्याला सल्ला देण्यात रस असेल, तर ही वाट अधिक जवळची.

लेकीला अण्णा मणी यांच्याबद्दल वाचायला सांगा. केरळातल्या पीरमेडच्या, भौतिकशास्त्र शिकलेल्या. 1948 मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि परदेशातून येणारी मोजमापाची उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी आयुष्य घातलं.

आता नोकरीचं, हातचं न राखता. सरकारी जागा थोड्या आहेत आणि दरवर्षी निघत नाहीत. हवामान खात्याच्या सायंटिफिक असिस्टंटची मोठी भरती केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनमार्फत 2017 ला झाली, त्यानंतर 2022 ला. प्रकल्पांवरच्या जागा बऱ्याचदा कंत्राटी असतात. जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू केलेली कृषी हवामान केंद्रं 2024 मध्ये बंद झाली आणि तिथली शिकलेली मुलं रस्त्यावर आली. मला त्याचं आजही वाईट वाटतं. खासगी हवामान कंपन्या, पीकविमा, पवन आणि सौरऊर्जा इथं मागणी आहे, पण तिथं डेटा हाताळता येणाऱ्यालाच विचारतात. म्हणूनच गणित आणि कॉम्प्युटर पक्कं हवं. तो पाया असला तर दुसरीकडेही काम मिळतं.

तिची आवड खरी आहे का, हे यंदाच्या पावसाळ्यात घरीच कळेल. सरळ भिंतीचा, वर-खाली सारख्या तोंडाचा डबा घ्या. तोंड जमिनीपासून फूटभर उंच राहील असा उघड्यावर पक्का बसवा. झाड किंवा भिंत जेवढी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब. रोज सकाळी साडेआठला, खात्याची नोंद होते त्याच वेळी, आतल्या पाण्याची खोली पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायची, वहीत लिहायची, डबा रिकामा करायचा. कोरड्या दिवशीही शून्य लिहायचं. एक मिलिमीटर म्हणजे तुमच्या एका एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी, हे तिचं तिला काढू द्या. मग शासनाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर तुमच्या मंडळाचा त्याच दिवसाचा आकडा शेजारी लिहायचा. मंडळात 65 मिलिमीटर नोंदला तर अतिवृष्टी धरतात, आणि शिवारात तुंबलं तरी मंडळाचं यंत्र कमी दाखवतं, हे तुम्ही सोसलेलं असेल. दोन आकड्यांत फरक का पडला, हे ती शोधायला लागली, तर बीएस्सीच्या फॉर्मवर बिनघोर सही करा. आठ दिवसांत वही कोपऱ्यात पडली, तर पुन्हा बोलू.

सीईटीचा फॉर्म मात्र भरून ठेवा. इंजिनिअरिंग आणि कृषी, दोन्हींना तीच परीक्षा लागते.