सू सांगते, शी मात्र डायपरमध्येच

एप्रिल-मे आला की एकच तक्रार ऐकू येते. जूनमध्ये शाळा, मूल तीन वर्षांचं झालंय, सू व्यवस्थित सांगतं. शी मात्र डायपर बांधल्याशिवाय करत नाही. पॉटवर बसवलं की अंग ताठ करतं, पडद्यामागे जाऊन उभं राहतं. 'हट्टी आहे' हे निदान घरच्यांनी आधीच केलेलं असतं. समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या अशा अनेक घरांची गोष्ट एकत्र करून सांगते.

मुलगी सव्वातीन वर्षांची. सोबत आई आणि आजी.

"स्टिकर लावले, चॉकलेट दिलं, अर्धा अर्धा तास बसवून ठेवलं," आई म्हणाली. "उठली की चड्डीत थोडीशी. दिवसातून तीन-चारदा चड्डी भरते. जुलाब होतायत की काय, तेच कळत नाही."

"आणि पोट साफ कधी होतं?"

"चार-पाच दिवसांनी, डायपर लावल्यावर. केवढी कडक! तोंड लाल होईपर्यंत कुंथते बिचारी, टाचा उचलून, पाय आवळून."

पाय आवळून कोणी कुंथत नाही. चवड्यांवर उभं राहणं, मांड्या घट्ट मिटणं, टेबलाला धरून ताठ होणं, हे सगळं शी आत रोखून धरण्याचं लक्षण आहे, आणि पालक हमखास ते उलटं वाचतात. एकदा कडक शी होऊन दुखलं की मूल पुढच्या वेळी रोखतं. रोखलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, ती आणखी कडक होते, पुन्हा दुखतं. मोठा गोळा साचून राहिला की गुदाशय, म्हणजे आतड्याचा शेवटचा भाग, ताणला जातो आणि 'लागली' ही जाणीवच बोथट होते. मग गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते. तेच ते चड्डीतलं. त्याला जुलाब समजून शी घट्ट करणारं काही दिलं, तर आगीत तेल.

आजींचं म्हणणं वेगळंच. "आमच्या वेळी वर्षाच्या आत पोरं सांगायची. पायांवर बसवायचं, सू सू करायचं, झालं."

ते खोटं नाही. पण त्यात दोन गोष्टी होत्या ज्या या घरात नव्हत्या. पायांवर बसलेलं बाळ उकिडवं असतं, गुडघे कमरेच्या वर. मोठ्या कमोडवर मुलाचे पाय लोंबकळतात, जोर लावायला खाली काहीच नसतं. आणि आजी बाळाची वेळ ओळखायची, शाळेची तारीख नव्हे.

नंतरच्या एका भेटीत मी बाहुली छोट्या पॉटवर बसवली आणि विचारलं, "हिला शी लागलीय, मग करत का नाही?"

मुलीने बाहुलीचे दोन्ही पाय जवळ ओढून घट्ट दाबले. "टोचतं तिला."

आई काही बोलली नाही. आजींनीच पुढे होऊन नातीला जवळ घेतलं. बक्षिसं, रागावणं, शेजारच्या मुलाचं उदाहरण, हे सगळं ज्या नकारासाठी चाललं होतं तो नकार पॉटला नव्हताच. जे दुखतं ते टाळणं, यात हट्ट कसला? मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण दीड ते तीन वर्षांच्या काळाला 'स्वायत्तता विरुद्ध लाज आणि शंका' म्हटलं. मीही त्याच विचाराची. या वयात मुलाच्या मालकीचं फार थोडं असतं: तोंडात काय जातं आणि शरीरातून काय बाहेर येतं. तिथे ओढाताण केली तर मोठ्यांना जिंकता येत नाही.

म्हणून मी सर्वांत आधी डायपर परत द्यायला सांगते. पालक दचकतात. पण डायपर काढून घेतला तर मूल फक्त जास्त दिवस रोखतं.

त्यानंतर बालरोगतज्ज्ञ. साचलेलं बाहेर काढणं आणि पुढे शी मऊ ठेवणारं औषध हे त्यांचं काम. एकदा पोट साफ झालं म्हणून घरीच औषध बंद करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक; ताणलेल्या गुदाशयाला पूर्ववत व्हायला महिने लागतात. साबणाची कांडी, एरंडेल लावलेलं विड्याचं देठ, हे नकोच. तिथेच दुखतंय आणि तिथेच बोट. या घरी दूध जवळजवळ लिटरभर जात होतं, तेही बाटलीने. ते ४००-५०० मिलीवर आणलं, की भूक लागते आणि भाकरी, पालेभाजी, पपई, भिजवलेल्या काळ्या मनुका पोटात जातात.

डायपर सुटतो तो पायऱ्यांनी. आधी डायपर घालूनच, पण शी बाथरूममध्ये, उभ्याने चालेल. मग डायपरसकट पॉटवर बसून. मग डायपर सैल. मग त्याला खाली भोक पाडून. शेवटी तो नुसता पॉटमध्ये अंथरून. एक पायरी तीन-चारदा शांतपणे जमली की पुढची. बिनसलं तर एक पायरी मागे, न बोलता. जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांनी आतड्यांची हालचाल वाढते, तेव्हा पाच मिनिटं बसवायचं, त्याहून जास्त नाही. पायाखाली स्टूल किंवा उलटी बादली, तळवे पूर्ण टेकलेले. फुगा फुगवायला द्यावा. फुंकताना पोटाचा जोर आपोआप खाली लागतो. फ्लश मूल बाहेर गेल्यावर. कौतुक बसल्याचं करायचं, शी झाल्याचं नव्हे. शी होणं दर वेळी मुलाच्या हातात नसतं.

रात्रीचा डायपर या सगळ्यात आणू नये. पाच वर्षांपर्यंत रात्री गादी ओली होणं नेहमीचंच आहे. शीत रक्त, फुगलेलं पोट, उलट्या, वजन न वाढणं, किंवा जन्मानंतर पहिली शीच दोन दिवस झाली नव्हती असा इतिहास असेल, तर मात्र समुपदेशनाच्या खोलीत वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

या मुलीचा डायपर जूनमध्ये सुटला नव्हता. शाळा ठरल्या दिवशीच सुरू झाली. बाईंना एवढंच सांगितलं होतं की तिला पायाखाली पाट लागतो, आणि दुपारची शी ती घरी येऊन करते.