‘सेकंड व्होट’ म्हणावं का? जर्मन निवडणूक-शब्दांच्या इंग्रजीबद्दल

प्रश्न असा आहे: जर्मन निवडणुकीवरच्या मजकुराचं इंग्रजी करताना ‘त्स्वाइटश्टिमे’ला सेकंड व्होट, ‘मांडाट’ला मँडेट आणि ‘फ्राक्त्सिओन’ला फॅक्शन म्हटलं तर चालेल का?

पहिलं चालतं, पण टाळता आलं तर टाळावं. दुसरं बहुतेक वेळा चुकतं. तिसरं साफ चूक.

त्स्वाइटश्टिमे म्हणजे शब्दशः दुसरं मत. बुंडेस्टाग म्हणजे जर्मन संसदेच्या लोकनियुक्त सभागृहाच्या निवडणुकीत मतदाराच्या हाती एकच मतपत्रिका येते आणि तिच्यावर दोन रकाने असतात. डावीकडे काळ्या छपाईत मतदारसंघातले उमेदवार, उजवीकडे निळ्या छपाईत पक्षांच्या राज्यवार याद्या. डावीकडचं मत एर्स्टश्टिमे, उजवीकडचं त्स्वाइटश्टिमे. सभागृहात कुठल्या पक्षाच्या वाट्याला किती जागा येणार हे ठरतं उजवीकडच्या मतावर. नावाने दुसरं असलेलं मतच खरं वजनदार.

घोटाळा एकट्या इंग्रजीत होतो असं नाही. दोन मतांची ही पद्धत 1953 पासूनची, तरी कुठलं मत महत्त्वाचं याबद्दल कितीतरी जर्मन मतदारही गोंधळलेले असतात. म्हणून त्स्वाइटश्टिमेच्या रकान्यावर ‘जागावाटप या मतावर ठरतं’ अशा अर्थाचा खुलासा छापायची वेळ आली. एफडीपी या छोट्या पक्षाने तर या संदिग्धतेचं पीक काढलं. ‘पहिलं मत तुमच्या मोठ्या पक्षाला द्या, दुसरं आम्हाला द्या’ हे ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं! 2023 च्या निवडणूक सुधारणेच्या पहिल्या मसुद्यात नावंच बदलून हाउप्टश्टिमे म्हणजे मुख्य मत आणि वालक्राइसश्टिमे म्हणजे मतदारसंघाचं मत अशी करायचं घाटत होतं. कायदा मंजूर झाला तेव्हा मात्र जुनीच नावं कायम राहिली. मला ती संधी वाया गेली असं वाटतं.

इंग्रजी वाचक ‘सेकंड व्होट’ वाचून दुसऱ्या पसंतीचं मत किंवा दुसऱ्या फेरीतलं मतदान समजतो. त्याच इंग्रजीवरून पुढे मराठी करायला गेलात तर अडचण आणखी वाढते, कारण विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांमुळे ‘दुसऱ्या पसंतीचं मत’ आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. जर्मन पद्धतीत पसंतीक्रम मुळीच नसतो.

बरं, इंग्रजीला नवा शब्द शोधायचीही गरज नाही. न्यूझीलंडने 1993 च्या सार्वमतात जर्मन वळणाची पद्धत स्वीकारली, 1996 ची निवडणूक तिच्यानुसार घेतली आणि तिथले लोक तेव्हापासून ‘पार्टी व्होट’ म्हणतात. हा शब्द बेलाशक उचलावा. त्यांच्या मतदारसंघाच्या मताचं ‘इलेक्टोरेट व्होट’ हे नाव मात्र घेऊ नका, कारण न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाबाहेर इलेक्टोरेट म्हणजे सगळे मतदार मिळून. तिथे ‘कॉन्स्टिट्युअन्सी व्होट’ बरं. स्कॉटलंडच्या संसदेसाठी तेच वापरतात. अपवाद एकच: कायद्याच्या कलमांचं भाषांतर करत असाल तर फर्स्ट आणि सेकंडच ठेवा आणि खाली टीप द्या. कायद्याच्या मजकुरात आपण सुधारणा करायची नसते.

आता मांडाट. इंग्रजीत मँडेट म्हणजे जनतेने दिलेला कौल, आपला ‘जनादेश’. जर्मनमध्ये मांडाट हा शब्द निवडणुकीच्या बातम्यांत बहुतेक वेळा निव्वळ जागेसाठी येतो. एखाद्याने मांडाट सोडलं म्हणजे त्याने सभागृहाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला, जनादेशावर पाणी सोडलं असं नव्हे. डिरेक्टमांडाट म्हणजे मतदारसंघातून मिळालेली जागा. त्याचं ‘डायरेक्ट मँडेट’ केलं की पुढचा मराठी भाषांतरकार ‘थेट जनादेश’ लिहून मोकळा होणार!

इथे 2025 पासून एक नवीनच पेच आला आहे. पूर्वी ‘मतदारसंघ जिंकला’ आणि ‘डिरेक्टमांडाट मिळालं’ ही दोन वाक्यं एकाच अर्थाची होती आणि इंग्रजीत कुठलंही लिहिलं तरी बिघडत नव्हतं. मग पक्षाच्या मतांच्या प्रमाणापेक्षा थेट जागा जास्त झाल्या की त्यांना युबरहांगमांडाट म्हणत आणि बाकीच्या पक्षांना भरपाईच्या जागा देऊन प्रमाण साधत. 2021 मध्ये अशा 34 जादा आणि 104 भरपाईच्या जागा मिळून सभागृह 598 वरून 736 वर गेलं. 2023 च्या कायद्याने हे बंद केलं, सदस्यसंख्या 630 वर बांधली आणि पक्षाच्या पार्टी व्होटमध्ये बसत असतील तेवढ्याच थेट जागा द्यायच्या असं ठरलं. परिणामी फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत 299 मतदारसंघांपैकी 23 मतदारसंघांत पहिल्या क्रमांकाची मतं मिळवूनही उमेदवार बुंडेस्टागमध्ये गेले नाहीत. त्यामुळे आता ‘वन द कॉन्स्टिट्युअन्सी’ आणि ‘वन द सीट’ यांतला फरक काटेकोर पाळावा लागतो. जुन्या सवयीने दुसरं लिहिलंत तर भाषा शुद्ध आणि बातमी खोटी.

युबरहांगमांडाटला ‘ओव्हरहँग सीट’ म्हणतात. शब्द ओबडधोबड आहे, पण न्यूझीलंडमुळे रुळलेला आहे, तोच घ्या. सीटच्या जागी मँडेट मात्र नको.

फ्राक्त्सिओन म्हणजे एखाद्या पक्षाचा सभागृहातला अधिकृत गट. इंग्रजी फॅक्शनमध्ये भांडण आहे, फूट आहे. जर्मन शब्दात तसलं काही नाही. मराठी वाचकाला हा फरक समजावायला फार कष्ट पडू नयेत. मे 2023 मध्ये शिवसेनेच्या फुटीवरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष या गोष्टी वेगळ्या काढल्या आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाकडे असल्याचं सांगितलं. फ्राक्त्सिओन साधारण त्या विधिमंडळ पक्षासारखी. फक्त सीडीयू आणि सीएसयू हे दोन वेगळे पक्ष मिळून एकच फ्राक्त्सिओन करतात, म्हणून ‘संसदीय गट’ अधिक नेमकं. इंग्रजीत ‘पार्लमेंटरी ग्रुप’ रूढ आहे. पण सावध राहा: फ्राक्त्सिओन व्हायला सभागृहाचे 5 टक्के सदस्य लागतात, आणि तेवढे नसलेल्यांना ‘ग्रुपे’ असा कनिष्ठ दर्जा मिळू शकतो. फेब्रुवारी 2024 मध्ये डी लिंके हा डावा पक्ष आणि त्यातून फुटून निघालेला झारा वागेनक्नेश्त यांचा पक्ष, दोघांना तो मिळाला. एकाच परिच्छेदात दोन्ही शब्द आले की ‘ग्रुप’ला ग्रुप धडकतो. अशा वेळी मी फ्राक्त्सिओनला ‘पार्लमेंटरी पार्टी’ करते आणि सीडीयू-सीएसयूचा उल्लेख असेल तिथे एक वाक्य जास्त खर्च करते.

प्रश्नात नसलेला, पण याहून जास्त फसवणारा शब्द सेनाटोर. बर्लिन, हॅम्बुर्ग आणि ब्रेमेन ही शहरं स्वतःच राज्यं आहेत आणि तिथल्या मंत्रिमंडळाला सेनाट म्हणतात. म्हणजे सेनाटोर हा त्या राज्याचा मंत्री. पुढे जर्मनीचे चॅन्सेलर झालेले ओलाफ शोल्त्स 2001 मध्ये काही महिने हॅम्बुर्गचे गृहखात्याचे सेनाटोर होते. इंग्रजीत नुसतं ‘सेनेटर’ लिहिलं की अमेरिकन वाचक त्यांना कायदेमंडळात बसवणार. 2011 ते 2018 ते हॅम्बुर्गचे ‘पहिले बुर्गरमाइस्टर’ होते. इंग्रजी वर्तमानपत्रं सर्रास ‘मेयर’ लिहितात. तेही पूर्ण चूक नाही, पण आपल्याकडे महापौर म्हटलं की आयुक्तांच्या सहीपुढे हतबल असलेलं मानाचं पद आठवतं. शोल्त्स यांचं पद मुख्यमंत्र्याच्या बरोबरीचं होतं.

आणि इतर राज्यांचा मिनिस्टरप्रेझिडेंट? ब्रिटिश ‘प्रीमियर’ किंवा ‘मिनिस्टर-प्रेसिडेंट’ लिहितात. ‘प्राइम मिनिस्टर’ नको, देशाच्या पंतप्रधानाशी गल्लत होते. भारतीय इंग्रजीतलं ‘चीफ मिनिस्टर’ कामाच्या दृष्टीने सगळ्यांत जवळचं आहे, आणि वाचक भारतीय असेल तर संकोच कशाला करायचा? आधी वाचक कुठला ते विचारून घ्या. वालक्राइस म्हणजे मतदारसंघ हा एकच शब्द लंडन-दिल्लीला कॉन्स्टिट्युअन्सी, वॉशिंग्टनला डिस्ट्रिक्ट आणि ओटावाला रायडिंग होतो.

लाइश्टिमे, म्हणजे उसनं मत, हा शब्द मला विशेष आवडतो. जानेवारी 2013 मध्ये लोअर सॅक्सनी राज्याच्या निवडणुकीत सीडीयूच्या कितीतरी मतदारांनी मित्रपक्ष पाच टक्के मतांच्या अटीमुळे सभागृहाबाहेर फेकला जाऊ नये म्हणून आपलं पार्टी व्होट एफडीपीला दिलं. तो पक्ष 9.9 टक्क्यांवर गेला आणि सीडीयूचं सरकार मात्र गेलंच. इंग्रजीत ‘टॅक्टिकल व्होट’ केलं तर उसनवारी हरवते. ‘लोन व्होट’ ठेवून खुलासा करावा. आपल्याकडच्या आघाड्यांत ‘मतं ट्रान्सफर झाली’ म्हणतात, पण ती परत करायची असतात असं त्यात कुणी गृहीत धरत नाही.

शेवटी बुंडेसराट. जर्मनीत तिथे राज्य सरकारांचे प्रतिनिधी बसतात आणि राज्याची सगळी मतं एकगठ्ठा टाकतात, त्यामुळे ‘सेनेट’ तर नकोच आणि राज्यसभेशी तुलनाही जपून करावी. स्वित्झर्लंडमध्ये त्याच नावाचं सात जणांचं मंत्रिमंडळ आहे. मूळ मजकूर बर्लिनचा की बर्नचा हे तपासूनच ‘फेडरल काउन्सिल’ लिहा. जर्मन सभागृहासाठी मी मूळ शब्दच ठेवते.