आधी बघ, काम किती अवघड होतं

भावना आणि लक्ष यांच्यावरचं संशोधन वाचायला सुरुवात केलीच आहेस, तर 'अमिग्डाला (मेंदूतला बदामाएवढा भाग) म्हणजे भीतीचं केंद्र' हे वाक्य आधी वहीतून खोड. लक्ष दुसरीकडे असलं तरी घाबरलेला चेहरा अमिग्डालाला जागं करतो, असं लंडनच्या रे डोलन यांच्या गटाला २००१ मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी लुइझ पेसोआ आणि सहकाऱ्यांनी चेहरे समोर दिसत असतानाच लोकांना पट्ट्यांची दिशा ताडून बघायचं किचकट काम दिलं. सगळं लक्ष तिथेच खर्ची पडलं आणि चेहऱ्यांना मिळणारा अमिग्डालाचा प्रतिसाद गायब! म्हणून कुठलाही प्रयोग वाचताना निष्कर्षावर उडी मारू नकोस, कामाची काठिण्यपातळी तपास. (मेंदूची रंगीत चित्रं शेवटी बघ, भुलवतात ती.) डॉट-प्रोब चाचणीचे (दोन चित्रांनंतर उमटणारा ठिपका किती लवकर टिपला, यावरून लक्ष कुठल्या चित्राकडे होतं ते ताडणारी चाचणी) आकडेही जपूनच घे, एकाच माणसाचे दोन वेळचे गुण अनेकदा जुळत नाहीत.