शेजारच्याकडून विरजण

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: एकाच भागातल्या छोट्या ब्रुअरीज एकमेकींशी मैत्रीने स्पर्धा करतात हे खरं आहे की जाहिरातीपुरतं, आणि संगीत महोत्सवांचंही तसंच असतं का. मी बरीच वर्षं पुण्यात बिअर बनवण्याच्या कामात आहे आणि महोत्सवांना त्याच्याही आधीपासून जातोय. मैत्री खरी आहे. महोत्सवांमध्ये ती क्वचित दिसते, पण ते लोक स्वभावाने वाईट असतात म्हणून नव्हे.

आधी एक प्रसंग सांगतो. एका शुक्रवारी सकाळी गव्हाच्या बिअरचा वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं धान्याचं गोड पाणी, उकळत होता आणि साठवलेल्या यीस्टचं झाकण उघडलं तर आंबूस वास आला. ते यीस्ट गेलं होतं. उकळलेला वर्ट थांबत नाही, त्यात दुपारपर्यंत यीस्ट पडलंच पाहिजे. मी तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या ब्रुअरीच्या ब्रुअरला फोन केला. तो एवढंच म्हणाला, “भांडं निर्जंतुक करून आण.” त्याने फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीच्या, तळातून पाच लिटर यीस्ट काढून दिलं. पांढरट, श्रीखंडाच्या चक्क्याहून थोडं सैल, केळ्याचा आणि लवंगेचा वास असलेलं. ते जिवंत असतं, गॅस सोडत राहतं, म्हणून झाकण घट्ट लावायचं नाही. बर्फाच्या पेटीत ठेवून ते स्कूटरवरून आणलं, आणि दर सिग्नलला मी झाकण जरा उचलून बघत होतो. पुढच्या महिन्यात आमच्या दोघांच्याही नळांवर गव्हाची बिअर होती आणि पिणारे बरेचसे तेच होते. नंतर त्याला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, कमी पडलं तेव्हा आमच्याकडून चार पोती गेली. याचा हिशेब कुणीच लिहून ठेवला नाही. शेजारच्या घरातून विरजण आणतात, तसंच हे.

आता हे का जमतं ते सांगतो. बिअर पिणारा माणूस शुक्रवारी माझ्याकडे येतो, पुढच्या शुक्रवारी शेजाऱ्याकडे जातो. ज्याला एकीकडे गव्हाच्या बिअरची चव कळली तो दुसरीकडची चाखायला जाणारच. २००९ मध्ये डूलाली ब्रुअरीने पुण्यात काम सुरू केलं तेव्हा लोकांना आधी ही बिअर गढूळ का दिसते तेच समजावून सांगावं लागायचं. पुढच्या प्रत्येक ब्रुअरीला समजावणं थोडं कमी करावं लागलं. आमचा खरा सामना शेजाऱ्याशी नाहीच. तो आहे बाटलीतल्या स्वस्त लागरच्या, म्हणजे नेहमीच्या फिकट बिअरच्या, सवयीशी.

अमेरिकेत याचं सगळ्यात सुंदर उदाहरण घडलं. कोलोरॅडोतली एव्हरी आणि कॅलिफोर्नियातली रशियन रिव्हर, या दोन ब्रुअरीजकडे ‘सॅल्व्हेशन’ नावाची बेल्जियन धाटणीची बिअर होती. एकीची सोनेरी, दुसरीची गडद. अशा वेळी सहसा वकिलाची नोटीस जाते. पण अ‍ॅडम एव्हरी आणि विनी सिलर्झो हे त्यांचे ब्रुअर एकत्र बसले, दोन्ही बिअर वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून चाखल्या आणि जे प्रमाण सगळ्यात चांगलं लागलं ते २००६ मध्ये बाटलीत भरून विकलं. तिचं नाव ठेवलं ‘कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन’, म्हणजे सहकार्य, खटला नव्हे. आम्ही अनेकजण या धंद्यात आलो त्यामागे हा किस्सा आहे, असं मी मनापासून म्हणेन. नुसतं सोडून देणं सोपं होतं. यांनी भांडणाचं कारणच नवीन बिअर करायला वापरलं.

अडचणीतही तेच दिसतं. २००८ मध्ये हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, तुटवडा झाला, भाव भडकले. तेव्हा सॅम्युअल अ‍ॅडम्स बनवणाऱ्या बॉस्टन बिअर कंपनीने स्वतःच्या साठ्यातले २०,००० पौंड, म्हणजे सुमारे नऊ टन हॉप्स छोट्या ब्रुअरीजना खरेदीच्या भावात दिले. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज गाव वणव्यात जळालं तेव्हा जवळच चिको गावातल्या सिएरा नेवाडा ब्रुअरीने ‘रेझिलियन्स’ या बिअरची कृती सगळ्यांसाठी खुली केली. हजाराहून जास्त ब्रुअरीजनी ती बनवली आणि विक्रीचे पैसे मदतीला दिले.

भांडणं होतच नाहीत असं नाही. जानेवारी २०१५ मध्ये लॅगुनिटास ब्रुअरीने याच सिएरा नेवाडावर लेबलावरच्या ‘आयपीए’ (कडवट बिअरचा एक प्रकार) या अक्षरांच्या वळणावरून दावा लावला. त्यांच्याच चाहत्यांनी एवढी नाराजी दाखवली की एक-दोन दिवसांतच दावा मागे घेतला गेला. इथे पिणारा दोघांचाही असतो, म्हणून तो असं भांडण चालू देत नाही.

आता महोत्सव. गोव्यात सनबर्न २००७ पासून कांदोळीला व्हायचा. २०१३ मध्ये तो उभा करणाऱ्यांपैकी निखिल चिनप्पा बाहेर पडला आणि सुपरसॉनिक सुरू झाला, तोही कांदोळीलाच. सनबर्न वागातोरला गेला. दोन्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच. तिथे तिकीट काढणाऱ्याला एकच निवडावं लागलं. ब्रुअरीला वर्षाचे बावन्न शुक्रवार मिळतात. महोत्सवाला वर्षात एक आठवडा, एक मैदान आणि ठरावीक मोठे कलाकार. एका रात्री कलाकार एकाच मंचावर उभा राहू शकतो. म्हणून काही मोठे महोत्सव करारातच अट घालतात की अमुक अंतरात, अमुक काळात दुसरीकडे वाजवायचं नाही. यीस्ट दिल्याने संपत नाही, दर खेपेला वाढतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा दिला की गेला. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

पण महोत्सवाच्या आत बघा, तिथे चित्र बदलतं. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात सवाई गंधर्व सुरू केला. स्वतः किराणा घराण्याचे, पण त्या मंचावर ग्वाल्हेर, जयपूर, मेवाती सगळे गायले. आदल्या गवय्याने मैफल उंचावर नेऊन ठेवली की पुढचा गवई तंबोरे लावताना वेगळाच सावध दिसतो, हे मांडवात बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. ब्रुअरीजमधली स्पर्धा मला या जातीची वाटते. शेजारच्याची स्टाउट, म्हणजे काळपट बिअर, माझ्यापेक्षा सरस झाली तेव्हा मी त्याच्याकडे जाऊन दोन ग्लास नीट, हळू चाखले, परत येऊन भाजलेल्या माल्टचं प्रमाण कमी केलं आणि पुढची खेप त्यालाच आधी पाजली.

खूप जुनी स्पर्धा पाहायची असेल तर जर्मनीत कोलोन आणि ड्युसेलडॉर्फला जा. जेमतेम चाळीस किलोमीटरचं अंतर. कोलोनची फिकट सोनेरी कोल्श, ड्युसेलडॉर्फची तांबूस आल्ट. एका गावात दुसऱ्याची बिअर मागितली की वेटर तुमची छान फिरकी घेतो. कोलोनच्या ब्रुअरीजनी १९८६ मध्ये आपसात करारच केला की कोल्श म्हणजे काय, कुठे बनवायची, कोणत्या ग्लासात द्यायची. ग्लास असतो उभा, बारीक, बहुधा ०.२ लिटरचा, तो रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो, आणि नको असेल तर ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवायची. एरवी एकमेकींच्या ग्राहकावर डोळा ठेवणाऱ्या ब्रुअरीज त्या एका कागदावर एकत्र आल्या. गंमत म्हणजे कोल्श आणि आल्ट या सख्ख्या चुलतबहिणी आहेत: दोन्हींना वर फसफसणारं एल जातीच्या बिअरचं यीस्ट लागतं आणि दोन्ही नंतर थंडीत मुरवतात.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात येऊन एका संध्याकाळी दोन-तीन ठिकाणं करायचा विचार आहे. शनिवारी नको. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी या, तेव्हा ब्रुअर टाक्यांपाशी मोकळा सापडतो. त्याला त्याच्या बिअरबद्दल विचाराच, पण सुट्टीच्या दिवशी तो कुठे जाऊन पितो तेही विचारा. तो जे ठिकाण सांगेल, तुमचा दुसरा ग्लास तिथे घ्या.