बालवाडीत शिकवायला थायलंडला निघालीस, म्हणून लिहिते

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. फित्सानुलोकच्या एका शाळेत अनुबानला, म्हणजे तिथल्या बालवाडीला, शिकवायचं काम मिळतंय, मेच्या मध्यावर शाळा सुरू होते, आणि तुझी आई म्हणते की आधी ताईला विचार. विचारलंस ते फार बरं केलंस. आधी धडगावकडच्या पाड्यांवर आणि नंतर थायलंडच्या त्याच भागात मी लहान मुलांना शिकवलं, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून पत्र.

आधी कागदपत्रांचं उरकते. इथूनच नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा घेऊन निघायचं. "टुरिस्ट म्हणून या, इथं आल्यावर करून देऊ," असं शाळा म्हणाली किंवा एजंट म्हणाला, तर थांब. वर्क परमिट हातात येण्याआधी वर्गात उभं राहणं बेकायदा आहे आणि पकडली गेलीस तर भोगायला तूच असतेस. तिथल्या शिक्षक परिषदेची, खुरुसफाची, परवानगी शाळेनं काढायची असते. पदवीचं साक्षांकन आणि पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स या कामांना आजच लाग. करार बारा महिन्यांचा आहे की दहा, हे लेखी विचार. मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार पुष्कळ ठिकाणी देत नाहीत. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकांना बऱ्याचदा पगार कमी असतो, हेही आधीच माहीत असू दे, म्हणजे तिथं जाऊन मन खट्टू होणार नाही.

आणि एक गोष्ट आईला वाचून दाखव. थायलंडची नोकरी सांगून आपल्या मुलामुलींना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीला नेतात आणि तिथं कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. परराष्ट्र मंत्रालयानं २०२२ मध्येच यावर जाहीर सूचना काढली होती. म्हणून शाळेचा नंबर एजंटकडून घेऊ नकोस, स्वतः शोध. मुख्याध्यापकांशी व्हिडिओवर बोल, वर्ग दाखवायला सांग, आत्ता तिथं शिकवणाऱ्या एखाद्या परदेशी शिक्षकाशी बोलायला माग. एजंट मध्ये असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी बघ. माए सोत हे सीमेवरचं गाव फित्सानुलोकच्या पश्चिमेला आहे. उतरवून घ्यायला आलेली गाडी तिकडं निघाली तर काय समजायचं ते समज. चांगल्या शाळेला या चौकशीचा राग येत नाही.

आता वर्गाचं सांगते, ते मला जास्त सांगायचंय.

समोर तीन ते सहा वर्षांची मुलं असतील. त्यांना तुझी भाषा येत नाही, तुला त्यांची येत नाही. ही परदेशातली अडचण आहे असं तुला वाटत असेल, पण आपल्या सातपुड्यात ती रोजची आहे. घरात पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं, समोर बाई पुस्तकी मराठीत बोलत असतात, आणि ते मूल आठवडेच्या आठवडे तोंड उघडत नाही. मग कोणीतरी म्हणतं, हे मूल मठ्ठ आहे. तुमच्या रावेरकडची लेवा बोली बोलणारी मुलंसुद्धा शाळेत गेल्यावर गप्प होतात, तू स्वतः पाहिलं असशील. अशा गप्प मुलाच्या कानावरून एकही शब्द वाया जात नाही. ते साठवत असतं. त्याला "बोल, बोल" करून टोकलंस की ते आणखी आत जातं.

तिथं दिवस ठरल्या वेळी ठरल्यासारखा जातो. आठ वाजता झेंडावंदन, मग चपला रांगेत ठेवणं, दूध, हात धुणं, जेवण, दात घासणं, आणि दुपारी छोट्या गाद्या घालून झोप. भाषेची खरी शिकवणी इथं होते. हात धुताना रोज तेच वाक्य, त्याच सुरात, स्वतः हात धुऊन दाखवत म्हण. दुधाच्या वेळी रोज तेच. पंधरवड्यात मुलं तू म्हणशील ते करायला लागतील, महिन्या-दोन महिन्यांनी एखादा स्वतःहून बोलेल. फ्लॅशकार्डांचा गठ्ठा घेऊन जाऊ नकोस, बॅगेत जागा खातो. सफरचंदाचं चित्र दाखवून पाच वेळा म्हणून घेतलेला शब्द पोराला घरी जाईपर्यंत आठवत नाही. उलट पेरू चिरून वाटताना ऐकलेला शब्द राहतो.

शब्दाच्या शेवटचं व्यंजन तिथली मुलं गिळतात, र आणि ल यांची अदलाबदल करतात. त्यांच्या भाषेच्या वळणानं ते आपोआप होतं. मध्येच थांबवून दुरुस्त करू नकोस, आपल्या बोलण्यात तो शब्द नीट म्हणून पुढे जा. आणि वर्गातल्या थाई शिक्षिकेला जप. मूल रडलं, पडलं, त्याला ताप आला, तर आईला फोन तीच करते. तिच्याशी पटलं नाही तर तुझा कुठलाच उपक्रम चालणार नाही.

आपण मुलाच्या डोक्यावरून सहज हात फिरवतो. तिथं डोकं पवित्र मानतात. त्यांच्यातले वडीलधारे फिरवतातही, पण तू नवी आहेस, पहिले काही महिने पाठीवर थोपट. पाय पसरून तळवे कोणाकडे करू नकोस, देवाकडे तर नाहीच. मुलांचे फोटो आपल्या स्टेटसला टाकू नकोस, कितीही गोड असले तरी.

जूनमध्ये, बहुतेक एखाद्या गुरुवारी, वाय क्रू, म्हणजे गुरुवंदनेचा समारंभ, होईल. तिथंही गुरुवार हा गुरूचा वार. मुलं तबक सजवून आणतात. त्यात एक्झोराच्या फुलांचे झुबके, दूर्वा, लाह्या आणि वांग्याचं फूल असतं. वांग्याचं फूल खाली झुकलेलं असतं, म्हणून ते नम्रतेचं. दूर्वा पसरत जातात, तसं शिकणं पसरावं. भरताच्या वांग्यांच्या मुलखातून आलेली तू, तुझ्या हातात कोणी वांग्याचं फूल असं कधी दिलं नसेल. चार वर्षांचं पोर गुडघे टेकून तुझ्यापुढे वाकेल तेव्हा संकोचून त्याला उठवू नकोस. ते स्वीकारायचं असतं, शांतपणे.

शनिवार-रविवारबद्दल तू लिहिलंस की फुकेत, क्राबी, जमेल तितके बीच बघायचे. बघ की. पण ते लांब आहेत, ऑक्टोबरच्या सुट्टीत जा. दर शुक्रवारी रात्रीच्या बसनं निघून सोमवारी पहाटे परतणाऱ्या शिक्षिका मी पाहिल्या आहेत, सोमवारी त्यांचा वर्ग बघवत नाही. माझा आग्रह आहे की पहिले तीन-चार महिने आठवड्याची सुट्टी शहरात आणि आसपासच घालव, आणि जिथं तुझ्या वर्गातली मुलं आईबापांबरोबर जातात तिथं जा. धडगावला हे मला आठवडी बाजारानं शिकवलं. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारात मुलांच्या आया भेटल्या, घरातल्या वस्तूंची नावं कळली, आणि वर्गातली मुलं मला ओळखायला लागली.

फित्सानुलोककडेही तसंच झालं. वर्गात एक मुलगा होता, तोंडातून चकार शब्द नाही. शनिवारी संध्याकाळी बाजारात त्याच्या आईची गाडी दिसली, खनोम क्रोकची. नारळाचं दूध आणि तांदळाचं पीठ आप्पेपात्रासारख्या खोलगट लोखंडी तव्यात ओतायचं, वर कांद्याची पात किंवा मक्याचे दाणे. कडा खरपूस झाल्या की ती चमच्यानं उचकटायची आणि दोन अर्ध्या एकमेकींवर ठेवायची. पोरगा मागं प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. मला बघून आधी आईच्या मागं लपला. मग आईनं डबी भरायला घेतली तसा पुढं आला, आणि एकेका जोडीवर बोट ठेवत इंग्रजीत मोजायला लागला, सगळे आकडे बरोबर, अगदी माझ्याच सुरात. आईचा हात तव्यावर तसाच थांबला. सोमवारी वर्गात तो काही लगेच बोलका झाला नाही. पण आकड्यांची वेळ आली की माझ्याकडे बघून हसायचा, आणि मी बाजारातली ती डबी आणून मोजायला ठेवली तेव्हा सगळ्यांना त्यानंच मोजून दाखवलं.

शहरातच सार्जंट मेजर थवी यांचं लोकसंग्रहालय आहे. मासे पकडायचे सापळे, टोपल्या, शेतीची अवजारं, जुनं स्वयंपाकघर. परदेशी लोक ते तासाभरात उरकतात. तू वही घेऊन जा, निवांत बस. मुलांच्या आजी-आजोबांनी वापरलेल्या वस्तू आहेत त्या, पुढं वर्षभर वर्गात कामी येतील. वात याईला चिनराज बुद्धाच्या मूर्तीपुढं सुट्टीच्या दिवशी घरंच्या घरं येतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असू देत. भिक्खूंना बाईनं स्पर्श करायचा नाही, वस्तू थेट हातात द्यायची नाही. मूर्तीवर चढून किंवा तिची थट्टा होईल असा फोटो काढायचा नाही.

सुखोथाई बसनं तासाभरावर. नव्या गावातून सोंगथेवनं, म्हणजे बाकडी टाकलेल्या गाडीनं, जुन्या नगरीत जा आणि सायकल भाड्यानं घे. १९९१ पासून ते जागतिक वारसा आहे. वात सी चुमला अरुंद दारातून आत गेलीस की पंधरा मीटर उंचीचा बसलेला बुद्ध एकदम समोर येतो, वर छप्पर नाही. तिथं घाई करू नकोस. तिथून आणखी उत्तरेला सी सत्चनालाई, आणि त्याच्याजवळ हाद सिओ गावातल्या बायकांचे माग. लुगड्याचे काठ पारखणारी तुझी आजी तिथं असती तर दिवसभर हलली नसती.

आणि लोय क्राथोंग, पाण्यात दिवे सोडायचा सण, चुकवू नकोस. बहुतेक आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्याच रात्री येतो. केळीच्या खांबाची जाडसर चकती कापायची, भोवती केळीच्या पानाच्या घड्या टाचणीनं बसवायच्या, मध्ये फुलं, उदबत्ती, मेणबत्ती, आणि नदीत सोडायचं. शाळेत आदल्या दिवशी सगळी मुलं हेच करत असतात आणि आज्या शिकवायला येतात. त्या दिवशी तू शिक्षिका म्हणून उभी राहू नकोस, त्यांच्यात बसून घड्या घालायला शीक. घड निघाला की खांब आडवा करून बांधावर टाकायचा, एवढंच रावेर-यावलच्या माणसाला ठाऊक. तापीला पौर्णिमेला दिवे सोडणाऱ्या घरातली तू आहेस, चांगदेवच्या संगमावरचे फोटो जवळ ठेव. आज्यांना दाखव. भाषा लागणार नाही.

बाकीचं थोडक्यात. स्कूटर भाड्यानं घेणार असशील तर इथूनच आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढ आणि हेल्मेटशिवाय बसू नकोस, तिथले रस्ते अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहेत. राजघराण्याबद्दल बोलायचं नाही, लिहायचं नाही, कोणाची पोस्ट पुढं पाठवायची नाही. तिथल्या दंडविधानाच्या कलम ११२ खाली एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं आहेत. देशाबाहेर पाऊल टाकायच्या आधी री-एंट्री परमिट घे, आणि दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. तू माळकरी घरातली, जेवणाचं अवघड जाईल. भाजीतही माशाचं पाणी असतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं दुकान शोध, तिथं कांदा-लसूणसुद्धा नसतो. ती अक्षरं ओळखायला थाई लिपी शीकच. व्यंजनांचा क्रम आपल्या क-ख सारखाच चालतो, तुला जड नाही.

जायच्या आधी एक काम कर. तिथल्या शिक्षिका बौद्ध आहेत, तुझ्या गावाजवळ काय आहे हे विचारतील. अजिंठा तू शाळेच्या सहलीत पाहिलास, तेवढ्यावर भागणार नाही. चाळीसगावकडे पितळखोऱ्याला जाऊन ये, इसवी सनापूर्वीची लेणी आहेत. तसंच पाटणादेवीला जा. भास्कराचार्यांच्या नातवानं तिथं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख तिथंच सापडला. मुलांना शिकवायला निघालेल्या मुलीनं ती जागा बघितलेली असावी असं मला मनापासून वाटतं.

येत्या रविवारी जळगावला ये, आईला घेऊन. कराराची प्रिंट आण, इंग्रजी आणि थाई दोन्ही. सुट्टीचा पगार, इन्शुरन्स आणि नोकरी मध्येच सोडली तर काय, ही तीन कलमं आपण बसून वाचू. आईच्या शंका असतील त्या तिनं तिथंच विचाराव्यात. जेवायलाच या, बट्टी करते.

तुझी,
ताई