गुड फ्रायडेला 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' दाखवल्याने मंडळीतली श्रद्धा परत येईल का? दाखवायचा तर कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवापूर तालुक्यातल्या तुमच्या चर्चमध्ये तरुण मुलं फक्त नाताळला दिसतात. गुड फ्रायडेच्या रात्री हा चित्रपट दाखवला तर आजी-आजोबांची भक्ती त्यांच्यात उतरेल का, आणि पडदा-प्रोजेक्टरचं कसं जमवायचं?

दाखवा. पण गुड फ्रायडेच्या रात्री नको आणि एका बैठकीत तर मुळीच नको.

येशूचा छळ आणि क्रुसावरचं मरण दाखवणारा हा चित्रपट 25 फेब्रुवारी 2004 रोजी, राखेच्या बुधवारी (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) प्रदर्शित झाला. संवाद ॲरेमिक, हिब्रू आणि लॅटिनमध्ये, खर्च सुमारे 3 कोटी डॉलर, जगभरातली कमाई 60 कोटी डॉलरच्या वर. अमेरिकेतल्या चर्चांनी अख्खे खेळ आगाऊ विकत घेतले. त्याच वर्षी बार्ना या संशोधन संस्थेने तिथल्या प्रेक्षकांची पाहणी केली. चित्रपट पाहून ख्रिस्ताला स्वीकारलं असं सांगणारे हजारात एकसुद्धा भरले नाहीत. प्रार्थना वाढली किंवा चर्चला जाणं वाढलं असं सांगणारे मात्र दहात एकाच्या आसपास होते. माझ्या मते यातून दिसतं ते एवढंच की ज्याचा चर्चशी धागा आधीपासून आहे तो थोडा जवळ सरकतो, बाहेरचा फारसा येत नाही. तुमची मुलं बाप्तिस्मा झालेली, संडे स्कूलमधली गाणी पाठ असलेली. त्यांच्यासाठी हा चित्रपट कामाचा आहे.

कामाचा का, तर तो जुन्या भक्तीच्या साच्यावरच उभा आहे. कॅथलिक जपमाळेच्या प्रार्थनेतली पाच दुःखाची रहस्यं घ्या: बागेतली व्यथा, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहणं, क्रुसावरचं मरण. कथा याच क्रमाने चालते. पुढे क्रुसाच्या वाटेतले, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा स्थानांवर थांबून करायच्या प्रार्थनेतले, प्रसंग येतात. दिग्दर्शक मेल गिब्सन स्वतः जुन्या लॅटिन मिस्सेचा (कॅथलिक उपासनेचा) कट्टर पाठीराखा, आणि अ‍ॅन कॅथरिन एमरिक (1774–1824) या जर्मन जोगिणीच्या दर्शनांमधून त्याने बरंच उचललं आहे. फटक्यांनंतर मरिया कापडाने जमिनीवरचं रक्त टिपते, तो प्रसंग तिथलाच. एवढा कॅथलिक चित्रपट अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट चर्चांनी डोक्यावर घेतला, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

खान्देशात हा मुद्दा नुसता गमतीचा राहत नाही. आपल्याकडे नाशिक धर्मप्रांतातले कॅथलिक आहेत आणि अलायन्स व इतर प्रोटेस्टंट मिशनांतून आलेल्या मंडळ्याही आहेत. प्रोटेस्टंट घरातला मुलगा पहिलाच प्रश्न विचारील, "ही वेरोनिका शास्त्रात कुठे आहे?" उत्तर तयार ठेवा. चौदा स्थानांपैकी येशूचं तीनदा पडणं, आईची भेट आणि वेरोनिकाने चेहरा पुसणं ही शुभवर्तमानात नाहीत, ती परंपरेतली आहेत. क्रूस वाहायला लावलेला शिमोन कुरेनेकर शास्त्रात आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 च्या गुड फ्रायडेला फक्त शास्त्रातल्या प्रसंगांची क्रुसाची वाट केली होती. मंडळी मिश्र असेल तर तो क्रम वापरा, भांडणाला जागा उरत नाही.

राखेच्या बुधवारानंतर गुड फ्रायडेच्या आधी सहा शुक्रवार मिळतात. चित्रपट दोन तासांच्या थोडा वर आहे, म्हणजे प्रत्येक शुक्रवारी साधारण वीस मिनिटं. पहिल्या शुक्रवारी गेथशेमाने आणि अटक. दुसऱ्या शुक्रवारी न्यायसभा, पेत्राचा नकार, यहूदाचा शेवट. तिसऱ्या शुक्रवारी पिलात आणि हेरोद. चौथ्यात फटके, पाचव्यात क्रूस वाहण्याची वाट, सहाव्यात वधस्तंभ. मध्येमध्ये शेवटच्या भोजनाची आठवण येते, ती कापू नका, कारण मिस्सा किंवा प्रभुभोजन नेमकं कशासाठी हे त्या दृश्यांनी समजतं. दर वेळी आधी त्याच प्रसंगाचं शास्त्रवाचन, मग चित्रपटाचा तुकडा, मग लगेच क्रुसाची वाट किंवा 'उपासना संगीता'तलं दुःखसहनाचं गीत. एकूण तासभर. पुनरुत्थान चित्रपटात अगदी निसटतं आहे. ते दृश्य ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेसाठी राखून ठेवा, नाहीतर मुलं डोक्यात फक्त रक्त घेऊन घरी जातील. गुड फ्रायडे पडद्याविना राहू द्या. दुपारची उपासना आणि येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवरचं मनन हाच त्या दिवसाचा गाभा, आणि रात्री सिनेमा असला की लोक दुपारी येत नाहीत.

नंदुरबारच्या गावांत आणखी एक अडचण येते. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबं होळीला परततात. होळीच्या आधीच्या शुक्रवारी अर्धी मंडळी गावात नसते, होळीच्या आठवड्यात तर कुणीच येणार नाही. 2024 मध्ये होळी आणि झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) एकाच दिवशी, 24 मार्चला आले होते. कॅलेंडर आधी बघा, परतणाऱ्यांसाठी पहिले दोन भाग पुन्हा दाखवायची सोय ठेवा, आणि आठवडेबाजाराचा दिवस टाळा.

भाषेचं सांगतो. मूळ संवाद कुणालाच कळणार नाहीत, खाली ओळी वाचाव्या लागतात आणि म्हाताऱ्यांना त्या जमत नाहीत. म्हणून एक निवेदक लागतो. तुमच्याकडे मावचीत, धडगावकडे पावरीत, धुळे-जळगावकडे अहिराणीत. त्याने प्रत्येक भागासाठी एका पानाचं लिखाण करून ठेवावं आणि संवादाच्या मधल्या जागेत बोलावं, पात्रांवर नाही. मराठी सबटायटल लॅपटॉपवरूनच चालवा. टीव्हीच्या यूएसबीमध्ये जोडाक्षरं बऱ्याचदा फुटतात. फाइल यूटीएफ-8 मध्ये साठवली नसेल तर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

पडदा मांजरपाटाचा, 8 फूट रुंद, साडेचार फूट उंच. चित्र लांबट असल्याने वर-खाली काळ्या पट्ट्या राहतात. त्या नकोत म्हणून कापड दुमडू नका, सबटायटल खालच्या पट्टीतच बसवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून 4 फुटांवर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी नेमकी ओळींवर येतात. बाहेर दाखवत असाल तर खाली बांबू बांधा, फाल्गुनातला वारा कापड फुगवतो. प्रोजेक्टर 3000 ते 3500 ल्युमेन्सचा पुरतो. साधारण लेन्सचा असेल तर 8 फुटांच्या चित्रासाठी 12 फुटांवर ठेवायचा. मार्चअखेरीस सव्वासातच्या आधी पुरेसा अंधार होत नाही. पत्र्याच्या चर्चमध्ये आवाज घुमतो, तेव्हा मागच्या भिंतीवर गोधड्या टांगा, आणि एक मोठा स्पीकर ठेवण्यापेक्षा दोन छोटे लोकांच्या जवळ, डोक्याच्या उंचीच्या वर लावा. वीज जाणार हे धरून चला. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. वीज अचानक तुटली की प्रोजेक्टरचा पंखा थांबतो, तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत मंडळी गप्पांना लागते.

लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नका. अमेरिकेत त्याला 'आर' दर्जा होता, 17 वर्षांखालच्यांना पालकांशिवाय प्रवेश नव्हता. चौथा भाग तर मोठ्यांनाही जड जातो, उठून बाहेर जायचं असेल तर जाता येईल असं आधीच सांगा. मुलांसाठी लूकच्या शुभवर्तमानावरचा 1979 चा 'जीझस' घ्या, तो मराठीतही आहे. वयस्करांना 'दयासागर' जवळचा वाटेल. तो 1978 च्या तेलुगू 'करुणामयुडु'चा हिंदी अवतार आहे, त्यात गाणी आहेत आणि चेहरे आपल्याकडचे.

यहुदी लोकांनी ख्रिस्ताला मारलं, असा अर्थ काढून मुलं घरी जाऊ शकतात. 1965 च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजाने हा दोष सगळ्या यहुद्यांवर टाकायला स्पष्ट नकार दिला आहे. तिसऱ्या शुक्रवारी, पिलाताच्या भागाआधी, दोन वाक्यांत सांगून टाका.

परवानगीचं आधी पाहा, पत्रिका नंतर छापा. घरच्या ओटीटी खात्यावरून किंवा विकत घेतलेल्या डीव्हीडीवरून सार्वजनिक खेळ करायचा हक्क मिळत नाही, वितरकाकडून लेखी परवानगी लागते. आवाराबाहेर लाउडस्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्याची परवानगी काढा, आणि रात्री 10 ला आवाज बंद. साडेसातला सुरू केलंत तर प्रार्थनेसकट साडेआठ-पावणेनऊला सगळं आटोपतं, लांबच्या पाड्यावरच्यांनाही परतायला वेळ मिळतो.